विस्तवसुद्धा

"काय गुरुजी, ठीक ना सगळं?" असं कोणी विचारलं की ते म्हणत, "सोमवारपर्यंत ठीक होतं."

नवखा माणूस गोंधळून त्यांच्या तोंडाकडे बघत राही. जव्हारातल्या माणसांना मात्र ठाऊक होतं की हे उत्तर प्रकृतीबद्दलचं नाही, जगाबद्दलचं आहे. मुंबईचं वर्तमानपत्र रेल्वेनं डहाणूपर्यंत येई, तिथून टपालाबरोबर घाट चढून जव्हारात पोचे. सोमवारचा अंक हातात पडेपर्यंत शुक्रवार उजाडलेला असे. मधल्या दिवसांत जगात काय झालं ते आपल्याला माहीत नाही, मग सगळं ठीक आहे असं खोटं का बोलावं, असा त्यांचा हिशेब होता.

संस्थानच्या शाळेत ते इतिहास-भूगोल शिकवत आणि मी मराठी. वयानं ते माझ्या वडिलांच्या जवळचे. बारा महिने काळा अल्पाकाचा कोट, काखेत छत्री आणि कोटाच्या खिशात घडी घातलेला नकाशा. या नकाशाच्या घड्या इतक्या झिजल्या होत्या की त्यावरून आल्प्स पर्वत नाहीसा झाला होता. ते म्हणत, "बरं झालं. आता इटली आणि फ्रान्स समोरासमोर बसून बोलू शकतील."

महायुद्ध संपलं आणि युरोपात राष्ट्रांची सभा भरू लागली, तेव्हापासून या माणसाला दुसरं काही सुचत नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडली की वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेक देश मिळे आणि वर्षभर हजेरीही त्याच नावानं होई. "जपान, वही कुठे आहे?" "पोर्तुगाल, नाक पूस." मधल्या सुट्टीत मारामारी झाली तर छडी नाही. सगळा वर्ग गोल बसे, दोघांचं म्हणणं ऐके आणि निवाडा करी. जो मुलगा निवाडा मानणार नाही त्याच्याशी आठवडाभर कोणी बोलायचं नाही, त्याला खेळात घ्यायचं नाही. एका वर्षी बेल्जियम झालेल्या मुलाचा बाप शाळेत भांडायला आला. पोराला रोज कोणीतरी तुडवून जातं, दुसरा एखादा बरा देश द्या, असं त्याचं म्हणणं होतं. गुरुजींनी त्याला पाणी दिलं आणि गंभीरपणे सांगितलं की खऱ्या बेल्जियमचीही हीच तक्रार आहे.

बाजारात कादरभाईंचं बांगड्यांचं दुकान होतं. त्यांचा माल वर्तमानपत्रांत गुंडाळून येई आणि ती रद्दी ते गुरुजींसाठी उलगडून, सरळ करून ठेवत. थट्टाही करत. एकदा त्यांनी विचारलं, "मास्तरसाब, तुमच्या त्या सभेत आपलं जव्हार कुठे बसतं?"

"बाहेर," गुरुजी म्हणाले. "चपला सांभाळायला."

कादरभाई हसले, गुरुजी हसले नाहीत. "चपला सांभाळणाऱ्यालाही कळतं, कादरभाई. आत भांडण झालं की माणसं अनवाणी बाहेर पळतात."

हे खूळ कुठून आलं ते मला उशिरा कळलं, तेही त्यांच्याकडून नाही, कादरभाईंकडून. गुरुजींना एकच मुलगा. तो युद्धात कारकून म्हणून बसऱ्याला गेला आणि तिथल्या तापात वारला. ती बातमी जव्हारात पोचायला महिना लागला. त्या महिन्यात गुरुजी बाजारातून जाताना भेटेल त्याला सांगत होते की मुलगा मजेत आहे, तिकडचा खजूर पाठवणार आहे. कादरभाई म्हणाले, "आम्हीही म्हणायचो, वा. तो तिकडे कबरीत की चितेत, कोण जाणे, आणि आम्ही इकडे खजुराची वाट बघतोय." वर्षाच्या आत गुरुजींची बायको गेली. त्यानंतर 'ठीक आहे' हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत.

शाळेला मुलं मिळवायला ते सुट्टीच्या दिवशी पाड्यापाड्यांवर हिंडत. जामसरच्या वाटेला, एका डोंगराच्या अंगाखांद्यावर, तेव्हा पाचसहा पाडे होते. माथ्यावरचा तो वरला पाडा, ओहोळाच्या अलीकडचा खालला. दोन्हींमध्ये सोयरिकी होत्या आणि वैरही होतं. वैर राबापायी. पावसाआधी भाताची, नाचणीची रोपं टाकायची जागा भाजून घ्यावी लागते. त्याला झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा लागतो, त्यालाच राब म्हणतात. डोंगराच्या सोंडेवरची ऐनाची झाडं कोणी छाटायची, यावरून दर हिवाळ्यात कोयते निघत. आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या बापाची बोटं त्यात गेली होती. त्या मुलाला गुरुजींनी स्वित्झर्लंड दिला होता.

सोंडेवर वाघोबाचा दगड आहे. वर चंद्रसूर्य कोरलेले, खाली वाघ, आणि सगळ्यावर शेंदूर. दिवाळीच्या तोंडाशी वाघबारशीला सगळे पाडे तिथे जमत. एका वाघबारशीला गुरुजी मला घेऊन तिथे गेले. नारळ फुटल्यावर ते उभे राहिले आणि त्यांनी राष्ट्रांच्या सभेची गोष्ट सांगितली. मी शेजारी अवघडून उभा होतो. माणसं हसतील असं मला वाटत होतं, पण ती ऐकत होती. मोठमोठे राजे भांडून थकले, लाखो पोरं मेली, तेव्हा त्यांनी ठरवलं की एकानं दुसऱ्यावर हत्यार उचललं तर बाकी सगळ्यांनी मिळून त्याच्याशी व्यवहार तोडायचा. मारायचं नाही, फक्त तोडायचं. तुम्हीही तसंच करा, असं गुरुजी म्हणाले. ज्या पाड्याचा कोयता दुसऱ्या पाड्याच्या माणसावर पडेल, त्याच्याशी बाकीच्यांचं विस्तव-पाणी बंद. आणि जो ही बंदी मोडील त्याच्याशीही बंद.

खालल्या पाड्याचा लाहनू कारभारी वयानं सगळ्यांत मोठा. त्यानं विचारलं, "इस्तवसुद्धा, गुरुजी?"

"विस्तवसुद्धा," गुरुजी म्हणाले.

मी मराठीचा शिक्षक. 'त्या दोघांमधून विस्तव जात नाही' हा वाक्प्रचार मी दरवर्षी मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेत असे. गुरुजींनी तो शब्द तसाच वापरला आणि मीही तो तसाच ऐकला. लाहनूनं बाकीच्या कारभाऱ्यांकडे पाहिलं. मग एकेकानं वाघोबाच्या दगडावर हात ठेवला.

त्यानंतरचे दोनतीन हिवाळे गुरुजींचे सर्वांत सुखाचे. सोंडेवर एकही कोयता माणसावर उठला नाही. झाडं वाटून घेतली गेली. वरल्या पाड्याच्या देवजीच्या मुलाला खालल्या पाड्याच्या बुधीची मुलगी दिली, मंगळी. बुधी सुईण होती, त्या खोऱ्यात तेवढी एकच. लग्नाला आम्ही दोघं जेवायला गेलो होतो. परतताना गुरुजी वाटेत थांबून म्हणाले, "युरोपला हे कोणी कळवायला हवं." त्यांना एवढं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पुढल्या माघात वरल्या पाड्याच्या एका तरण्यानं ऐनावरून खालल्या पाड्याच्या माणसाच्या खांद्यात कोयता घातला. माणूस वाचला, हात गेला. त्याच दिवशी बाकी सगळ्या पाड्यांनी वरल्या पाड्याचं विस्तव-पाणी बंद केलं. एकानंही कुचराई केली नाही. गुरुजींना ही बातमी बाजाराच्या दिवशी कळली. त्यांना हाणामारीचं वाईट वाटलं, पण तोंडावरचा अभिमान त्यांना लपवता आला नाही. "शब्द पाळला," ते शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. "सगळ्यांनी पाळला. सभेला तिकडे जिनेव्हात जे जमत नाही ते इथे जमलं."

आषाढात, पाऊस चार दिवस न थांबता कोसळत असताना, वरल्या पाड्याचा एक माणूस इरलं पांघरून शाळेच्या पडवीत येऊन उभा राहिला. मंगळी कालपासून अडली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते बंदीमुळे झालं नव्हतं. ओहोळाला पाणी होतं, डोली उतरली नसती. एखादं माणूस दोराला धरून कसंबसं पार होत होतं, तसाच तो आला होता. बुधीला तेवढं सांगा, असं त्यानं म्हटलं.

"खाललाच पाडा ओलांडून आलास ना? तूच का नाही सांगितलंस?" गुरुजींनी विचारलं.

"आमच्याशी कोन बोलतंय?" तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

वर्ग सोडून आम्ही दोघं निघालो. दिवस नुकता वर आला होता. कारभाऱ्यानं बंदी उठवल्याशिवाय बुधी कशी जाणार, म्हणून आधी लाहनूकडे गेलो. तो आपल्या पडवीत इरलं विणत बसला होता. गुरुजींनी सगळं सांगितलं. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि तो म्हणाला की बाकीचे पाडे उघडत असतील तर आम्ही उघडू. आम्ही चिखलातून शेजारच्या पाड्यावर गेलो. तिथले म्हणाले, ज्यांना मार लागला त्यांनी आधी उघडावं, आम्ही कोण? त्याच्या पुढच्या पाड्याला जायला वाटच उरली नव्हती. आम्ही पुन्हा लाहनूकडे आलो तेव्हा दुपार झाली होती.

गुरुजी अंगणात, पावसातच उभे राहिले. छत्री कुठे पडली ते त्यांना माहीत नव्हतं. "लाहनूबाबा," ते म्हणाले, "बाजार बंद करा, मजुरी बंद करा. बाळंतिणीला सुईण नाही म्हणायचं, असं मी कधी सांगितलं?"

"इस्तव बंद सांगलास ना. सुईन गेली तं तिथल्या चुलीवर पानी तापवल. मंग इस्तव उघडला का नाय? येक पाडा मोडील तं त्याला पन बंद, ह्या पन तुमीच सांगलास."

"मी बोलायचं म्हणून बोललो. तुमच्यात असं बंद करतातच की."

लाहनूनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "आमच्यात इस्तव कोनाचाच बंद करीत नाय, गुरुजी. दुश्मनाचा पन नाय. मेलेल्या घरचा तेवढा घेत नाय. तुमी बोललास, मोठमोठं राजं असंच करत्यात. आमी समजलो, त्यांच्या मुलखात तसंच आसल. वाघोबावर हात ठेवला. आथा काय करू?"

बुधी शेजारच्या आपल्या दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती, ते आम्हांला ती बाहेर आल्यावर कळलं. ठेंगणी, काटक बाई. हातात फडक्याचं गाठोडं. ती आमच्या मधून चालत अंगणाबाहेर पडली.

"बुधे," लाहनू म्हणाला, "गेलीस तं मांगं फिरू नको."

"नाय फिरत," ती म्हणाली.

ओहोळात गुरुजी पुढे, मध्ये बुधी, मागे मी. दोराला धरून आम्ही पार झालो. चढण तिनं जवळजवळ धावत चढली. वरल्या पाड्यात शिरलो तेव्हा बायका देवजीच्या अंगणात बसल्या होत्या आणि कोणी रडत नव्हतं. त्यावरूनच कळलं. मंगळी थोड्याच वेळापूर्वी गेली होती, मूल पोटातच.

बुधी आत गेली. मग तिनं पाणी मागितलं, मुलीला न्हाऊ घालायला. बंद झालेल्या त्या चुलीवर पाणी तापलं आणि ते तिनं घेतलं. गुरुजी कुडाच्या भिंतीला टेकून उभे होते. काळ्या कोटातून पाणी निथळत होतं आणि खिशातल्या नकाशाचा लगदा होऊन त्याचा रंग बाहेर झिरपला होता.

परत येताना ओहोळाशी ते एवढंच म्हणाले, "तिकडे शब्द पाळत नाहीत म्हणून मी इतकी वर्षं..." आम्ही पाण्यात उतरलो.

त्याच वर्षीच्या वाघबारशीला बंदी उठली. गुरुजींनी सगळ्यांसमोर आपले शब्द परत मागितले, कारभाऱ्यांनी दगडावर हात ठेवला, आणि एका नारळात काम झालं. लाहनू स्वतः बुधीला न्यायला आला. ती गेली नाही. मंगळी गेल्यापासून ती जव्हारात येऊन राहिली होती, गुरुजींच्या घरामागे फणसाखाली कुडाची खोप घालून. जागा गुरुजींनी दिली होती. त्यांच्या घरचं अन्न मात्र ती घेत नसे. लोकांची भांडी घाशी, लाकडं आणी आणि आपली चूल वेगळी पेटवी.

आणि गुरुजींनी आपली चूल पेटवणं सोडून दिलं. रोज सकाळी अंघोळ झाली की ते हातात खापर घेऊन खोपीसमोर उभे राहत आणि म्हणत, "बाई, विस्तव द्या." घरात आगपेटी होती. शेजारी होते. बुधी त्यांच्याकडे बघतही नसे. मग ते घरी येऊन भिजवलेले पोहे खाऊन शाळेत येत. गावात बभ्रा झाला. ब्राह्मण असून पाड्यावरच्या बाईकडे विस्तव मागतो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं जो तो म्हणू लागला. शाळेत आता कोणी जपान नव्हता, पोर्तुगाल नव्हता. हजेरी मुलांच्या नावांनी होई. कादरभाईंनी एकदा त्यांना समजावायचा प्रयत्न केला. "मास्तरसाब, ती देणार नाही. कशाला रोज अपमान करून घेता?"

"न देण्याचा हक्क तिचा आहे," गुरुजी म्हणाले. "मागण्याचं काम माझं."

दुसऱ्या आषाढात, मंगळीच्या वर्षदिवसाच्या आसपास, एका सकाळी बुधीनं चिमट्यानं एक निखारा उचलून त्यांच्या खापरात टाकला. त्या दिवशी गुरुजींनी वरणभात केला आणि मला जेवायला बोलावलं. आम्ही दोघं जेवलो. त्यानंतर ती कधी देई, कधी नाही. नाही दिला तर ते पोह्यांवर राहत.

अशी बरीच वर्षं गेली. मी मोखाड्याच्या शाळेत गेलो. तो मुलूख संस्थानाबाहेरचा, तरी महिन्यातून एकदा मी जव्हारला येत असे. सभेबद्दल ते आता बोलत नसत, वर्तमानपत्र मात्र वाचत. शेवटी आफ्रिकेतल्या एका राजाच्या देशावर युरोपातलं एक राष्ट्र विमानं घेऊन चालून गेलं, तेव्हा सभेनं त्या राष्ट्राशी व्यवहार तोडायचं ठरवलं. ते वाचून गुरुजी उठून बसले होते, असं कादरभाईंनी मला सांगितलं. पुढच्या अंकांतून कळलं की बंदी होती, पण तेलावर नव्हती. विमानं उडतच राहिली. मी भेटलो तेव्हा ते म्हणाले, "त्यांनी तेल चालू ठेवलं. आणि मी विस्तवसुद्धा बंद केला." ते हसले, आणि मला ते हसणं बघवलं नाही.

त्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. मी रजा काढून आलो. विस्तव मागायला आता ते जाऊ शकत नव्हते, मला जाऊ देत नव्हते. "तुझं काम नाही ते." मी कादरभाईंकडून पेज आणून त्यांना पाजत असे. एका दुपारी अंक आला. राजाचा देश पडला होता आणि सभेनं बंदी उठवली होती. वाचून दाखवावं की नाही ते मला कळेना.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "कोणत्या वारचा अंक?"

"सोमवारचा."

"म्हणजे आता काय असेल ते माहीत नाही," ते म्हणाले. हे त्यांचं शेवटचं धड वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

चारपाच माणसं जमली. कादरभाईंनी लाकडांची सोय केली, तिरडी बांधली गेली. पाऊस जरा उघडला होता. अग्नी मी द्यायचा असं ठरलं. मडकं आणलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की घरातली चूल कित्येक दिवस थंड आहे. मयताबरोबर न्यायचा तो विस्तव घरचा लागतो. कोणीतरी आगपेटी पुढे केली. मी मडकं घेऊन मागच्या दारानं फणसाखाली गेलो.

बुधी चुलीपाशी बसली होती. तिला कळलं होतं. गुरुजी म्हणत तसंच म्हणायचं मी ठरवलं होतं. पण मी मडकं नुसतं पुढे धरलं.

"त्यांची ती राजांची सभा," तिनं विचारलं, "भरलीय का आजून?"

"भरते," मी म्हणालो. "पण त्यात काही राहिलं नाही."

तिनं मान हलवली. मग चिमटा बाजूला ठेवून तिनं पळसाच्या पानांवर चुलीतले सगळे निखारे ओढून घेतले आणि मडक्यात भरले, एकही मागे न ठेवता. वर मूठभर राख पसरली.

"राखंखाली ठेव," ती म्हणाली. "वाटंत पाऊस हाय."